स्यूअर्ड ते आयालिक: हिमनद्या आणि समुद्री प्राण्यांची एका दिवसाची बोटसफर

अलास्कातल्या कीनाय फ्योर्ड्स नॅशनल पार्कची बोटसफर बहुतेक जण हिमनदी बघायची म्हणून घेतात. प्रत्यक्षात सहा तासांच्या सफरीत बोट हिमनदीपुढे थांबते ती वीस मिनिटं ते अर्धा तास. बाकी सगळा वेळ समुद्राचा. त्यामुळे तयारी करायची ती समुद्राची. हे एकदा डोक्यात बसलं की कुठली सफर घ्यायची, काय घालायचं, काय खायचं आणि बोटीवर कुठे उभं राहायचं, हे बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात.

आधी जागा समजून घेऊ. हा पार्क 1980 साली झाला. त्याच्या डोक्यावर हार्डिंग आइसफील्ड नावाचं सुमारे 1,800 चौरस किलोमीटरचं हिमक्षेत्र आहे आणि त्यातून जवळपास चाळीस हिमनद्या चहूबाजूंनी खाली उतरतात. त्यातल्या मोजक्याच थेट समुद्रात येऊन संपतात आणि बर्फाचे कडे पाण्यात कोसळताना दिसतात ते तिथेच. पार्कात मोटारीने पोचता येतं अशी एकच जागा आहे, एक्झिट ग्लेशियर, आणि ती समुद्रापासून दूर आहे. म्हणून बोट. पार्कला प्रवेश फी नाही, सगळा खर्च बोटीच्या तिकिटाचा असतो.

स्यूअर्ड बंदरातून निघणाऱ्या सफरी ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिली चारेक तासांची, रेझरेक्शन बे या आडोशाच्या खाडीत फिरवून आणणारी. यात सी ऑटर, गरुड, सी लायन (समुद्रसिंह), पफिन हे पक्षी दिसतात, नशिबात असेल तर व्हेलही दिसतो, पण समुद्रात उतरलेली हिमनदी दिसत नाही. लांबून बेअर ग्लेशियर दिसला तरी पुष्कळ. दुसरी सहा तासांची. ही खाडीबाहेर पडून आयालिक केप या भूशिराला वळसा घालते आणि आयालिक बेमध्ये शिरून होलगेट किंवा आयालिक ग्लेशियरपर्यंत जाते. जाऊन-येऊन साधारण पावणेदोनशे किलोमीटर. तिसरी साडेआठ-नऊ तासांची, आणखी पुढे नॉर्थवेस्टर्न फ्योर्डपर्यंत (फ्योर्ड म्हणजे उभ्या डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी). तिथे एकाच अरुंद फ्योर्डमध्ये एकापाठोपाठ एक हिमनद्या दिसतात आणि गर्दी कमी असते, पण उघड्या समुद्रातला वेळ वाढतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सहा तासांची घ्यावी. चार तासांची स्वस्त पडते, पण इतक्या लांब येऊन हिमनदी राहून जाते आणि मग संध्याकाळभर चुटपुट लागते. सत्तरीच्या आईवडिलांना किंवा पाच वर्षांच्या मुलाला नऊ तास बोटीवर ठेवण्यातही काही शहाणपण नाही. सहा तासांच्या सफरीला मोठ्या माणसाला दोनशे डॉलरच्या पुढे पडतात. लहान मुलांना सवलत असते.

भारतातून उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलांकडे आलेले आईवडील आणि चार दिवसांची सुट्टी काढून सिअ‍ॅटलहून निघालेलं कुटुंब, मराठी लोकांची इथे येण्याची ही नेहमीची रीत. सिअ‍ॅटल ते अँकरेज विमानाने साडेतीन तास. अशा आटोपशीर सहलीत बोटीचा दिवस शेवटी ठेवायची चूक हमखास होते. हवामानामुळे सफर रद्द झाली तर कंपनी पैसे परत करते किंवा दुसऱ्या दिवशीची जागा देते, पण तुमच्याकडे दुसरा दिवस असायला हवा ना! स्यूअर्डला दोन दिवस असाल तर बोट पहिल्या दिवशी घ्या आणि दुसरा मोकळा ठेवा. आणखी एक. बोट निघाली आणि खराब समुद्रामुळे कॅप्टनने अर्ध्यातून रस्ता बदलला तर पैसे परत मिळतीलच असं नाही. तिकीट काढतानाच ही अट वाचून घ्यावी.

महिना कुठला? मुख्य हंगाम मे मध्य ते सप्टेंबर मध्य. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत काही बोटी फक्त ग्रे व्हेल बघायला निघतात, कारण मेक्सिकोकडून उत्तरेला जाणारे ग्रे व्हेल तेव्हा या किनाऱ्याला लागून जातात. ऑर्कांसाठी, म्हणजे किलर व्हेलसाठी, मे-जून चांगले. हंपबॅक व्हेल सगळा उन्हाळा असतात. पफिन मेमध्ये कड्यांवर येतात आणि ऑगस्टच्या शेवटापासून खुल्या समुद्राकडे निघून जातात, म्हणजे सप्टेंबरात फक्त पफिनसाठी आलात तर फेरी फुकट. ऑगस्टपासून पाऊसही वाढतो. जूनचा दुसरा आठवडा ते जुलैअखेर, या काळात प्राणी, पक्षी आणि हवा यांचं गणित त्यातल्या त्यात जुळतं. जूनच्या शेवटी इथे दिवसाचा उजेड एकोणीस तासांच्या आसपास असतो, तेव्हा लवकर अंधार पडण्याची काळजी नाही.

अँकरेज ते स्यूअर्ड 127 मैल, म्हणजे साधारण 204 किलोमीटर. न थांबता अडीच तास. पण न थांबता कोणी जात नाही, कारण पहिले 80 किलोमीटर रस्ता टर्नअगेन आर्म या खाडीच्या कडेने जातो आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी गाडीत ‘थांबव, थांबव’ म्हणतंच. हे थांबे परतीला ठेवा. हा बराचसा दुपदरी रस्ता आहे आणि त्याला पर्यायी रस्ताच नाही. एखादा अपघात झाला किंवा दुरुस्ती निघाली की सगळे अडकतात आणि बोट कोणासाठी थांबत नाही. सकाळी आठ-नऊची बोट असेल तर आदल्या रात्री स्यूअर्डलाच मुक्काम करावा. साडेअकरा-बाराची असेल तर अँकरेजहून सातच्या आत निघावं. हेडलाइट दिवसाही चालू ठेवावे लागतात आणि मागे पाच गाड्या तुंबल्या तर बाजूला घेऊन त्यांना वाट देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडच्या घाटात गाडी चालवलेल्यांना हा नियम हेवा वाटावा असा आहे.

गाडी चालवायची नसेल तर अलास्का रेलरोडची कोस्टल क्लासिक गाडी आहे. सकाळी पावणेसातच्या सुमारास अँकरेजहून सुटते, अकरानंतर स्यूअर्डला पोचते आणि संध्याकाळी सहाला परत निघते. काही बोटींच्या वेळा या गाडीशी जुळवलेल्या असतात, बुकिंगच्या वेळी तसं विचारून घ्या. रेल्वेचा मार्ग मधल्या टप्प्यात रस्ता सोडून डोंगरात शिरतो आणि स्पेन्सर ग्लेशियरजवळून जातो, हा वरचा फायदा. तोटा एवढाच की अँकरेजला परत पोचायला रात्रीचे दहा वाजून जातात.

बंदरावर सुटण्याच्या तासभर आधी चेक-इन करायचं असतं. गाडी लावायच्या जागेला पैसे पडतात आणि जुलैत ती लवकर भरते. गाडीतल्या माणसांना आधी दारात उतरवा, मग जागा शोधत बसा.

आता समुद्र. निघायच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचा सागरी अंदाज बघा. शहराचा अंदाज इथे कामाचा नाही, शहरात ऊन असताना केपवर सहा फुटी लाटा असू शकतात. लाटांची उंची फुटांत दिलेली असते. दोन-तीन फूट म्हणजे निवांत. चार-पाच म्हणजे ज्यांना बोट लागते त्यांना लागणार. सहाच्या पुढे दणके बसतात, आणि त्याहून वाढलं की कॅप्टन केपबाहेर जायचं टाळून खाडीतच फिरवतो. ‘स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायजरी’, म्हणजे छोट्या बोटींसाठीचा इशारा, दिसली की सफर रद्दच होईल असं नाही, पण बोट लागू नये म्हणून गोळी मात्र नक्की घ्यावी. खाडीच्या तोंडाशी पायलट रॉक नावाच्या खडकावर हवामान केंद्र आहे. तिथला प्रत्यक्ष वारा सकाळी इंटरनेटवर बघता येतो.

सगळा त्रास एकाच पट्ट्यात होतो. रेझरेक्शन बेला दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत, तिथे पाणी शांत. आयालिक बेमध्ये आत शिरल्यावर पुन्हा शांत. मधला तासाभराचा भाग गल्फ ऑफ अलास्काला उघडा पडतो. दक्षिणेकडून शेकडो किलोमीटर वाढत आलेल्या लाटा केपच्या उभ्या कड्यांवर आपटून उलट फिरतात आणि येणाऱ्या लाटांत मिसळतात. त्यामुळे बोट एका लयीत न डोलता कुठूनही हिसके खाते, आणि पोटाला नेमकं तेच सोसत नाही. जाताना तासभर आणि येताना तासभर. येतानाचा जास्त लागतो, कारण तोवर जेवण झालेलं असतं.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. अमेरिकेत मेक्लिझिन कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. आदल्या रात्री एक आणि सकाळी निघण्याआधी तासभर एक, अशी इथल्या जाणत्यांची पद्धत. पाकिटावरची मात्रा मात्र ओलांडू नये. भारतातून येणारे अ‍ॅव्होमिन आणतात. ती चालते, पण चांगलीच झोप आणते आणि व्हेल येतात तेव्हा निम्मे आईबाबा केबिनमध्ये पेंगत असतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी यातली कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आलेपाक खिशात ठेवाच, सौम्य मळमळीला त्याने खरंच बरं वाटतं.

मळमळ का होते तेही लक्षात ठेवलं तर अर्धी टाळता येते. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो स्थिर आहे, या भांडणातून ती होते. म्हणजे केबिनमध्ये बसून मोबाइल बघणं सर्वांत वाईट. त्याखालोखाल लांब लेन्सच्या कॅमेऱ्याला डोळा लावून बसणं, हौशी फोटोग्राफर यातच आडवे होतात. केप ओलांडताना खालच्या डेकवर, बोटीच्या मध्याच्या किंवा मागच्या बाजूला, उघड्या हवेत उभं राहा, कठडा धरा आणि क्षितिजाकडे बघा. पुढचं टोक सर्वांत जास्त वर-खाली होतं. वरचा डेक सर्वांत जास्त डोलतो. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तळकट खाऊन तर मुळीच नाही. सकाळी कोरडी पोळी, टोस्ट, केळं, एवढं पुरे.

बोटीवर जेवण तिकिटात असतं किंवा विकत मिळतं, पण शाकाहारी हवं तर बुकिंग करतानाच सांगावं लागतं. ऐनवेळी सांगितलं तर सॅलड आणि चिप्सवर भागवावं लागतं. पोळी-भाजीचा रोल आणि खाकरा बरोबर असलेला बरा.

कपड्यांच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. एक, ‘जुलै आहे’ म्हणून जीन्स आणि स्वेटशर्ट. दुसरी, घरातली सगळ्यात जाड लोकर, जी पहिल्याच पावसात भिजून जड होते. उन्हाळ्यात स्यूअर्डला दिवसा तेरा-चौदा अंश असतं, धावत्या बोटीवर ते सात-आठसारखं लागतं आणि हिमनदीपुढे त्याहून कमी. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. पायात तशीच पॅंट, निदान पावसाळी ओव्हरपॅंट. सुती कपडे आणि जीन्स एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. हातमोजे, कान झाकणारी टोपी. माकडटोपी इथे चक्क चेष्टेविना चालते. शाल नको, वाऱ्यात ती उडून कठड्याला अडकते. छत्री तर आणूच नका. बूट बंद आणि न घसरणारे.

दुर्बीण आठ पटीची घ्या. दहा-बारा पटीची हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही आणि पुन्हा पोट ढवळतं. दर दोन माणसांत एक हवीच. एकीवर चौघं असले की प्रत्येकाच्या वाट्याला व्हेलची शेपटी बुडाल्यानंतरचं पाणी येतं.

बोट सुटली की बंदरातच बहुधा पहिला सी ऑटर दिसतो, पाठीवर तरंगत, डोकं आणि पाय पाण्याबाहेर काढून. समुद्री पाणमांजरच म्हणा. बाकी समुद्री सस्तन प्राण्यांसारखा चरबीचा थर त्याच्याकडे नाही. त्याची सगळी मदार केसांवर, आणि त्याच्या अंगावरची फर साऱ्या प्राण्यांत दाट. याच फरसाठी रशियन आणि नंतर अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्याला जवळपास संपवलं होतं. 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली.

थोड्याच वेळात ध्वनिवर्धकावरून कॅप्टनचा आवाज येतो: ‘दोन वाजता, व्हेल.’ घड्याळ बघू नका. बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागचं टोक सहा, डावी बाजू नऊ. दोन वाजता म्हणजे पुढच्या टोकापासून थोडं उजवीकडे. घरातल्या मोठ्यांना हे निघायच्या आधीच समजावून ठेवा, नाहीतर तेव्हा समजावण्यात व्हेल जातो.

व्हेल शोधायचा तो फवाऱ्यावरून. हंपबॅकचा फवारा झुडपासारखा पसरट. फिन व्हेलचा उंच सरळ खांब. ऑर्काचा बुटका, पण त्याच्या पाठीवरचा काळा सुळकाच आधी दिसतो, नराचा पावणेदोन मीटरपर्यंत उंच. हंपबॅक वर आला की चार-पाच श्वास घेतो, दर वेळी पाठीची थोडी कमान. शेवटच्या श्वासाला कमान जास्त उंच होते आणि मागोमाग शेपटी वर येते. शेपटी पूर्ण उचलली म्हणजे खोल बुडी, आता पाच-दहा मिनिटं तो दिसणार नाही. तेव्हा फोटो हवा असेल तर पहिल्या श्वासाला घाई न करता कमान उंचावण्याची वाट बघा. झूम थोडा मागे घ्या, पूर्ण लांब लेन्समध्ये तो सापडेपर्यंत गेलेला असतो. वेग निदान हजारांश सेकंद ठेवा.

अलास्कात हंपबॅकपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या, आत जायला कायद्याने बंदी आहे. दापोली-तारकर्लीच्या डॉल्फिन सफरीत बोटी प्राण्यामागे धावतात, ती सवय झालेल्यांना इथली बोट उगीच लांब थांबल्यासारखी वाटते. पण इंजिन मंद करून थांबलेल्या बोटीजवळ व्हेल स्वतः आला तर मात्र नशीब. हे व्हेल हिवाळ्यात मुख्यतः हवाईच्या उबदार पाण्यात असतात, तिथे ते फारसं खात नाहीत. वर्षभराची भूक भागवायला ते इथे येतात. म्हणून उड्यांपेक्षा चरणारे व्हेल जास्त दिसतात. जाहिरातीतली उडी प्रत्येक सफरीला होत नाही.

बोटीच्या पुढ्यात काळे-पांढरे छोटे प्राणी पाणी उडवत धावू लागले की ‘ऑर्काची पिल्लं!’ असा गलका होतो. ते डॉल्स पॉरपॉइज. ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे पोहू शकतात आणि बोटीच्या लाटेवर फुकटची स्वारी करायला येतात. यासाठी मात्र पुढच्या टोकाला जाऊन सरळ खाली बघायचं.

केपच्या आसपास चिझवेल बेटं आहेत. ती पार्कात नाहीत, अलास्का मॅरिटाइम वन्यजीव आश्रयस्थानाचा भाग आहेत. सहा तासांच्या सफरीतला हा सर्वांत भरगच्च भाग आणि नेमका सर्वांत हलणारा. गोळी घेतली होती का, ते इथे कळतं. खडकांवर स्टेलर सी लायन पसरलेले असतात. पूर्ण वाढलेला नर एक टनाच्या पुढे जातो, त्याचा डरकाळीसारखा आवाज लांबून येतो आणि वारा उलटा असेल तर वास त्याहून आधी. वरच्या कड्यांवर किटीवेक, म्हणजे समुद्रकुरव, ओरडत असतात, त्यांच्या सोबतीला मर नावाचे समुद्रपक्षी. आणि पफिन. इथे दोन जातींचे दिसतात. पांढऱ्या पोटाचा तो हॉर्न्ड. अंगभर काळा, पांढऱ्या चेहऱ्याचा आणि डोक्यामागे पिवळट तुरे असलेला तो टफ्टेड. पफिन फोटोत बदकाएवढा वाटतो, प्रत्यक्षात कबुतराहून थोडासाच मोठा असतो. त्यामुळे शोधताना नजर लहान गोष्टींवर ठेवा. पंख छोटे आणि अंग जड, म्हणून पाण्यावरून उठताना तो बराच वेळ नुसता पाय मारत धावतो. पोट फार भरलं असेल तर उडणं सोडून सरळ बुडी मारतो.

उंच हिरव्या कड्यांवर पांढरे ठिपके दिसले तर थांबून बघा. हलले तर माउंटन गोट, नाही हलले तर बर्फ.

आयालिक बेत वळलं की वारा पडतो आणि लोक केबिनमधून बाहेर येऊ लागतात. पाण्याचा रंग बदलतो. हिमनदीने दळून आणलेल्या खडकाच्या पिठामुळे ते दुधाळ हिरवट होतं. मग बर्फाचे तुकडे दिसतात, आणि बोट वेग कमी करून त्यांच्यातून वाट काढते. होलगेटला जायचं की आयालिकला, हे कॅप्टन त्या दिवशीच्या बर्फावर ठरवतो. कुठे बर्फ जास्त साचलाय ते आधी कळत नाही. दोन्ही उत्तम आहेत, नावासाठी अडून बसण्यात अर्थ नाही. आयालिकचं तोंड साधारण दीड किलोमीटर रुंद आहे.

बोट तोंडापासून चारशे मीटर किंवा जास्त अंतरावर थांबते. कडा कोसळला की लाट येते, पाण्याखालून सुटलेला बर्फ अचानक उसळून वर येतो, म्हणून हे अंतर. जूनमध्ये बोट आणखी लांब थांबली तर कॅप्टनला नावं ठेवू नका. तरंगत्या बर्फावर हार्बर सील पिल्लं घेऊन बसलेले असतात. आई घाबरून पाण्यात उतरली की पिल्लू एकटं पडतं.

इंजिन मंद झालं की पहिल्यांदा तडतड ऐकू येते. हिमनदीत शेकडो वर्षं दाबलेली हवा, बर्फ वितळताना बुडबुड्यांतून सुटते, तिचा हा आवाज. मग अधूनमधून तोफेसारखा गडगडाट. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: आवाज ऐकून मान वळवली तर कडा पडून झालेला असतो. चारशे मीटरवरून आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो, आठशेवरून अडीच. आवाजाच्या मागे न लागता कड्यावर एक जागा पकडून बघत राहा. जिथून वाळूसारखा बारीक बर्फ सारखा गळतोय, मोठा तुकडा बहुधा तिथूनच सुटतो. कॅमेरा व्हिडिओवर सुरू करून त्या जागेवर धरून ठेवणं, हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

सगळे एकदम पुढच्या टोकाला गर्दी करतात. करू द्या. कॅप्टन बोट हळूहळू पूर्ण फिरवतो आणि दहा मिनिटांत मागची बाजू पुढे येते. आईवडिलांना घेऊन मागच्या डेकवर निवांत उभं राहावं. मात्र कपडे इथे पूर्ण चढवा. बर्फावरून थंड, जड हवा सतत खाली वाहत असते, आकाशात ऊन असलं तरी तोंडाशी गारठा झोंबतो.

ढगाळ दिवशी खट्टू होऊ नका. दाबलेला, बुडबुडे निघून गेलेला बर्फ लाल प्रकाश शोषतो आणि निळा उरतो. लख्ख उन्हात तो पांढुरका दिसतो, आभाळ आलेलं असलं की निळाई गडद होते. फोटो मात्र काळपट येतात, कारण कॅमेरा एवढा पांढरा रंग बघून उजेड कमी करतो. मोबाइलवर बर्फाला बोट लावून उजेड थोडा वाढवा. उबदार केबिनमधून एकदम बाहेर आलात की काच धुरकटते, तेव्हा थांबायच्या पाच मिनिटं आधीच कॅमेरा बाहेर काढून ठेवा.

परतीला बहुतेक कॅप्टन फारसं थांबत नाहीत, जाताना राहिलेलं काही असेल तरच. आता केप पुन्हा ओलांडायची आहे, म्हणून दुपारचं जेवण आयालिक बेच्या शांत पाण्यात आटोपून घ्यावं आणि जडसर खाऊ नये. सकाळची गोळी किती तास चालते ते पाकिटावर बघून दुसरी घ्यायची का ते ठरवा. दिवसभर बोट न लागलेले लोक शेवटच्या तासात बेसावध राहतात आणि गोत्यात येतात. उतरताना खलाशांसाठी टिपचा डबा असतो. खूश असाल तर त्यात टाकावं.

ज्यांना उघडा समुद्र अजिबात सोसत नाही त्यांनी स्यूअर्डचा हट्ट सोडून व्हिटियरहून प्रिन्स विल्यम साउंडची सफर घ्यावी. ते पाणी बेटांच्या आड असल्यामुळे बरंच शांत असतं, आणि हिमनद्या तिथेही समुद्रात उतरतात. व्हेल आणि पफिनची शक्यता स्यूअर्डपेक्षा कमी. व्हिटियरला जाताना चार किलोमीटरचा अँटन अँडरसन बोगदा लागतो. एकच मार्गिका, तीच रेल्वेलाही. जायला साधारण दर तासाच्या अर्ध्याला सोडतात, यायला दर तासाच्या ठोक्याला. अर्ध्याची वेळ हुकली की बोट हुकण्याची भीती, म्हणून एक फेरी आधीची धरावी.

बोटीवरून उतरल्यावर अँकरेजपर्यंत अडीच तास गाडी चालवायची असेल तर चालवणाऱ्याने झोप आणणारी गोळी घेतलेली नसावी. घेतली असेल तर दुसऱ्याने चालवावं, नाहीतर स्यूअर्डलाच रात्र काढावी. जुलैत खोल्या महागड्या असतात आणि महिनोन्‌महिने आधी जातात, हे बोटीच्या तिकिटाबरोबरच उरकून टाकायचं काम. मुक्काम केलात तर सकाळी एक्झिट ग्लेशियर करून निघा. गावापासून पंधरा-वीस मिनिटं, दहाच्या आत पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेला सालांच्या पाट्या लावल्या आहेत, त्या त्या साली हिमनदीचं टोक कुठे होतं ते दाखवणाऱ्या. 1815 ची पाटी गाडीतूनच दिसते, तिथून पुढे बर्फापर्यंत अजून बराच रस्ता आणि मग चालत जायची वाट आहे. वृद्धांना झेपेल असा सपाट भाग सुरुवातीला आहे. वरच्या टप्प्यापर्यंत चढ लागतो.